बायकांच्या खेळातला पांढरा उजेड

१

खेळ संपला तेव्हा नत्थुजीला मरून तास उलटला होता, आणि त्या तासाभरात पडद्यावरचं चित्र एकदाही पिवळं पडलं नव्हतं.

अकोल्याच्या कपिला टॉकीजमध्ये दर गुरुवारी दुपारी बाराला फक्त बायकांसाठी खेळ असे. एकोणीसशे एकोणसाठच्या एप्रिलातला गुरुवार, बाहेर ऊन असं की कुत्रंही सावली सोडत नव्हतं. अडीचला खेळ सुटला. बायकांच्या दारावर बसणारी माणिकबाई माठ भरायला मागच्या अंगणात गेली आणि तिनं टाहो फोडला. ऑपरेटरच्या खोलीतून अंगणात उतरणारा अठरा पायऱ्यांचा लोखंडी जिना होता. त्याच्या पायथ्याशी ऑपरेटर नत्थुजी पडला होता. शेजारी रिळाचा रिकामा पत्र्याचा डबा होता, त्याच्या काठाला रक्त लागलेलं.

गर्दीत सगळ्यांत पुढे जठारपेठेतली बेबीताई होती. भावाच्या, शालिकरामच्या, फोटो स्टुडिओत ती फोटो रंगवायची. पस्तिशीची बाई, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि जीभ जरा पुढेच.  नत्थुजीची बायको जमुना आधीच तिथं बसली होती, नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन. ती रडत नव्हती. मान वर करून ऑपरेटरच्या खोलीच्या दाराकडे एकटक बघत होती.

पलीकडच्या गल्लीतले डॉक्टर आले. वाळलेलं रक्त बघून म्हणाले, "याले तास होऊन गेला."

मागून एक बाई पुटपुटली, "मंग इतका वेळ पिक्चर कोनं चालवलं वो बाई?"

 त्या मशिनीत बल्ब नव्हता. कोळशाच्या दोन कांड्या समोरासमोर धरायच्या आणि त्यांच्या टोकांमधे जो जाळ पेटतो त्याचाच उजेड पडद्यावर पडायचा. कांड्या जळून झिजत, म्हणून दर दोन-तीन मिनिटांनी मशिनीची मूठ फिरवून त्या जवळ आणाव्या लागत. उशीर झाला की पडदा आधी पिवळा, मग तांबूस, मग काळोख. शिवाय दहा मिनिटांनी रीळ संपे आणि शेजारच्या मशिनीवर दुसरं लावावं लागे. माणसाचा हात नसता तर खेळ पाच मिनिटंही टिकला नसता.

आणि त्या दिवशी पडदा शेवटच्या क्षणापर्यंत पांढराशुभ्र होता. बेबीताईनं तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता.

२

पोलिसांना फार डोकं चालवावं लागलं नाही. तपास जमादार खुशालरावांकडे आला. ते बेबीताईचे सख्खे मामा. दुसऱ्याच दिवशी स्टुडिओत येऊन त्यांनी चहाची बशी तोंडाला लावली आणि निकाल सांगून टाकला.

"पुंजाजीले धरलं. नत्थुजीच्या हाताखालचा. ते मशीन चालवता येणारे टॉकीजात दोघंच, त्यातला एक मेला. पिक्चर चालू ठेवणारा तोच मारणारा. दोघांचं बिनसलं असन, यानं डबा हाणला, ढकललं, आन् कोणाले समजू नये म्हणून खेळ चालवत राह्यला. मंग मांगच्या भितीवरून पसार."

"पाह्यलं कोणी त्याले?"

"नाही. पण तो खोटं बोलून राह्यला. म्हणे टेसनावर रिळाची पेटी आणाले गेल्तो. टेसनावाले म्हणते, आलाच नाही. मोटारीच्या अड्ड्यावर सापडला, खिशात अमरावतीच्या मोटारीचं तिकीट. पयाच्या बेतात होता."

पुंजाजी तीस-बत्तीसचा, अबोल. अडीच वर्षांपूर्वी सगळ्या घरासोबत नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेला. टॉकीजचे मॅनेजर भगवंतराव त्याला पेट्या वाहायला आणि रिळं गुंडाळायला ठेवून होते, मशिनीला हात लावू देत नव्हते. मशीन त्याला नत्थुजीनं शिकवली, स्वतःहून, दार लावून. अशा माणसाला पुंजाजी मारेल हे बेबीताईच्या गळ्याखाली उतरेना. पण गळ्याखाली उतरत नाही म्हणून कुणी सुटत नाही. खून लागू झाला तर फाशी, हे मामांनी बशी खाली ठेवता ठेवता सांगितलं.

टॉकीजमध्ये मात्र लोक वेगळंच बोलत होते. अमरावतीहून बोलावलेला नवा ऑपरेटर तिसऱ्या दिवशी बोचकं उचलून परत गेला. म्हणाला, खोलीत गेलं की मूठ गरम लागते, जशी कोणी आत्ताच सोडली. जिन्याच्या पहिल्या पायरीवर कुणीतरी नारळ ठेवून गेलं. मेल्यावरही नत्थुजीनं बायकांचा खेळ मोडू दिला नाही, असं बाया विहिरीवर हात जोडून सांगू लागल्या.

बेबीताई भुताखेतांना हसणारी बाई. पण त्याच आठवड्यात तेरवीसाठी रंगवायला म्हणून नत्थुजीचा फोटो तिच्या टेबलावर आला आणि तिचं हसू मावळलं.

३

फोटो मागच्या दिवाळीतला, टॉकीजच्या नोकरांच्या रांगेतला. शालिकरामनं त्यातून नत्थुजीला मोठं करून दिलं. फेटा, कोट, मिशा पटापट झाल्या. डोळे मात्र होईनात. गेलेल्या माणसांचे डोळे बेबीताईनं शेकड्यांनी रंगवले होते. बुबुळात पांढरा ठिपका दिला की फोटो बघू लागतो. नत्थुजी बघेना. बुबुळांवर धुकं आल्यासारखा पांढरट डाग होता. निगेटिव्हच्या काचेवर धूळ असेल म्हणून तिनं तो दोनदा झाकला, आणि दोन्ही वेळा डाग झाकल्यावर तो माणूस नत्थुजी वाटेना. झोपताना तिनं फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला. असं तिनं आजवर कधी केलं नव्हतं.

सकाळी उठून ती मामांकडे गेली. "बायकांच्या खेळाले कोनं काय पाह्यलं, हे तुमाले कोणी सांगनार नाही. मी विचारते."

"विचार. तुले कोनं अडवलं आजपर्यंत?" मामा म्हणाले.

ती आधी भगवंतरावांकडे गेली. ते कपाळाला हात लावूनच बसले होते.

"वरीस झालं, संध्याकायचं पिक्चर पिवयं दिसते. लोकं शिट्ट्या मारते. नत्थुजीले दहा खेपा सांगतलं, कांड्या नीट लाव. तो म्हणे, पाह्यतो. काय पाहत होता कोण जाणे! एक काळ असा होता बाई, त्याच्या पडद्यासाठी लोक मूर्तिजापुराहून येत."

"आन् बायकांच्या खेळाले?"

"तिथं आमाले कुठं पाऊल टाकता येते? पण बायांची तक्रार कधी नाही आली."

माणिकबाई दारावरच्या स्टुलावर भेटली. अंगणात जायला तिच्यासमोरूनच वाट. ती छातीवर हात ठेवून म्हणाली, "बारापासून अडीचपर्यंत पुरुष माणूस म्हणून एक नाही गेला. चिमनी तरी गेली असन, पुरुष नाही."

"भितीवरून?"

"त्या भितीवर काचा रोवल्या हायेत. चढून पाह्य म्हना, मामाले."

शेवटी केशरबाई. ती जिनिंगच्या कारखान्यात कापूस निवडायची आणि गुरुवारचा खेळ कधी चुकवत नसे. बेबीताईनं पडद्याचा विषय काढताच ती सावरून बसली.

"अवं ताई, आमी दिवसभर करतो काय? पांढरा कापूस एकीकडं, पिवया पडलेला कवडी कापूस एकीकडं. आमाले पांढऱ्यातला पांढरा समजते. हेच पिक्चर घरच्या मालकासंगं इतवारी संध्याकायी पाह्यलं, तं निरा कवडी. देवाच्या तोंडाले कावीय झाल्यावानी. आन् गुरुवारी पाह्य, फुटलेलं बोंड!"

"नत्थुजी गेले त्या दिवशी?"

केशरबाईनं आवाज उतरवला. "त्या दिवशी तं अजून पांढरं. मध्यंतरापासून वाढतच गेलं. शेवटी शेवटी डोये दिपत होते. म्हणून तं म्हणतो आमी, तो हात या लोकातला नव्हता."

घरी येताना उन्हात बेबीताईनं डोळ्यांवर हात धरला. शेवटी डोळे दिपल्याचं तिलाही आठवत होतं.

४

त्या दुपारी ती हात धुवून फोटोसमोर बसली आणि पहिल्यांदाच तिनं ब्रश उचलला नाही. नुसती बघत राहिली. धूळ एका बुबुळावर पडेल. दोन्ही बुबुळांवर, नेमकी मधोमध, सारखीच कशी पडेल?

डाग काचेवर नव्हता. डाग डोळ्यांत होता. वीस वर्षं त्या जाळाकडे बघून नत्थुजीचे डोळे गेले होते आणि दिवाळीच्या आधीच गेले होते.

मग बाकीचं आपोआप सरळ होत गेलं. ज्याला दिसत नाही तो उजेडाचा रंग कसा जमवणार? संध्याकाळचं पिक्चर वर्षभर पिवळं, कारण मूठ पुंजाजी फिरवत होता आणि नाव नत्थुजीचं होतं. डोळे गेल्याचं कळलं असतं तर नोकरी गेली असती. आणि रिळाचा तो डबा! कुणी हाणलाच नसेल. डोळसाच्या पायात असा डबा येत नाही. पायऱ्या मोजून उतरणाऱ्याच्या येतो.

ती तशीच चौकीवर गेली. "मामा, ते तिकीट काढा."

मामांनी कुरकुरत काढलं. तिनं चष्मा वर सरकवला. "पळणारा माणूस जायचं तिकीट ठेवते. हे अमरावतीहून यायचं हाय. त्याच तारखेचं."

"तिकीट कोणाचंही असू शकते."

"मले त्याच्याशी बोलू द्या."

पुंजाजी कोठडीत भिंतीला टेकून बसला होता. बेबीताईनं उगाच आढेवेढे घेतले नाहीत. "तुमी टेसनावर नव्हते. अमरावतीले डोयाच्या दवाखान्यात गेल्ते, नत्थुजीसाठी."

त्यानं मान वर केली, पुन्हा खाली घातली. मग म्हणाला, "अकोल्यात विचारलं असतं तं गावभर झालं असतं. डॉक्टर म्हणाला, मोतीबिंदू असन, तं निघते. पुढच्या सोमवारी आणा. मी तेच सांगाले येत होतो. मोटारीतून उतरून अड्ड्यावर होतो, तं जमादारानं धरलं."

"मंग सांगतलं काहून नाही? डॉक्टर साक्ष देईन."

"तिथं शंभर लोक होते. मी नावबी नाही सांगतलं कोणाचं. त्याले काय आठवन?" त्यानं गुडघे जवळ ओढले. "आन् मी सांगतलं, की त्यायले दिसत नव्हतं, तं लोक विचारतीन, मंग गुरुवारी मशिनीवर कोण होतं? तो सवाल मले नाही पायजे. त्यायनं मले माणसावानी शिकवलं, ताई. बाकीच्यायनं मशिनीच्या खोलीत पाय नाही ठेवू देल्ला. मी तोंड नाही उघडणार."

त्याच्या या हट्टाचा बेबीताईला राग आला आणि डोळ्यांत पाणीही आलं. गुरुवारी मशिनीवर कोण असे, हे तिला आता कळलं होतं.

इतर दिवशी पहिला खेळ तीनचा. नत्थुजी घरी जेवून येई. फक्त गुरुवारी बाराचा खेळ, आणि फक्त गुरुवारीच त्याचा जेवणाचा डबा टॉकीजवर येई.

वाटेत तिनं माणिकबाईला एवढंच विचारलं, "त्या दिवशी डबा घेऊन जमुना आली होती?"

"आली ना. दर गुरुवारी येते."

"परत कधी गेली?"

"जाताना तं नाही पाह्यली मी," माणिकबाई म्हणाली. जुन्या शहरातलं जमुनाचं घर तिथून मैलभर. त्या दिवशी माणिकबाईची पहिली हाक संपायच्या आत ती नवऱ्यापाशी बसलेली होती.

५

जमुनाच्या घरी बसायला आलेल्या बाया उठून गेल्यावर बेबीताई मागे राहिली. फोटो तिनं पदराखाली आणला होता. तो जमुनाच्या समोर ठेवून म्हणाली, "डोळे जसे होते तसेच ठेवले. खोटे नाही काढता आले मले."

जमुनानं फोटोवरून बोट फिरवलं. मग ती बोलू लागली, जसं काही कुणी विचारायचीच वाट बघत होती.

"लग्नाच्या आंधी मी जिनात होती. कवडी निवडत होती. डोये अधू झाल्यावर ते मले म्हणाले, तुले पांढरा समजते, पुंजाजीले नाही समजत. गुरुवारी तरी माह्या पडद्याची लाज राख. मूठ किती फिरवायची ते हात धरून शिकवलं. ते बाजूले बसत. म्हणत, सांग कसा हाय उजेड. मी म्हणे, पहिल्या वेच्याचा कापूस, पांढराफेक. ते हासत."

"त्या दिवशी?"

"खोलीत उकडून राह्यलं होतं. पाय ठेवाले जागा नाही, म्हणून मी रिकामा डबा बाहेर वरच्या पायरीवर ठेवला. ध्यानातच नाही आलं बाई माह्या! ते पानी प्याले निंगाले. पायऱ्या मोजून उतरत रोज. मी आवाज ऐकला. बाहेर येऊन पाह्यलं. खाली पडले होते. मी हाक मारली तं त्यायनं हात उचलला."

जमुनानं स्वतःचा हात उचलला. मूठ वळली आणि हळू उजवीकडे फिरवली.

"असा. मले वाटलं, म्हणून राह्यले, जाय, उजेड सांभाय. रीळ संपत आलं होतं. पडदा काया झाला असता तं बाया ओरडल्या असत्या, मॅनेजर वर आला असता, सगळं उघडं पडलं असतं. मी परत गेली. दर रिळाले म्हणे, आता जाते खाली. दर रिळाले वाटे, आता तं उठून बसले असतीन. आन् उजेड मी असा ठेवला, असा ठेवला, की त्यायले खालून दिसला पायजे."

बाहेर कुणाची तरी बकरी ओरडली. जमुनाचा हात अजून हवेत तसाच होता.

"आता राती तोच हात दिसते मले. बेबीताई, तुमी शिकलेल्या. सांगा, तो हात जाय म्हणत होता, का ये म्हणत होता?"

 बेबीताईला खोटं सांगायची फार इच्छा झाली, पण तिनं ते सांगितलं नाही. तिनं जमुनाचा हात धरून खाली घेतला.

मग ती म्हणाली, "जमुनाबाई, पुंजाजी कोठडीत हाय. फाशीचं बोलून राह्यले लोक. तो तुमचं नाव नाही सांगणार."

"त्यानं कोणाले मारलं म्हणून?" जमुना उठलीच. तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं. सुतकातल्या बाईला चौकीतल्या गोष्टी कोण सांगतं? "चला. आत्ता चला."

६

बाईमाणसानं मशीन चालवली, यावर कुणाचा विश्वास बसेना. भगवंतराव तर हसलेच. खुशालराव हसले नाहीत, पण म्हणाले, "बेबी, साहेबाले मी काय सांगू? कापसावरून ओयखलं?"

"सांगू नका. दाखवा."

तेरवी झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी टॉकीजची दारं आतून लावली. रिकाम्या खुर्च्यांमध्ये फौजदार साहेब, खुशालराव, भगवंतराव, बेबीताई आणि एवढ्यासाठी कामावर खाडा करून आलेली केशरबाई. आधी शिपायानं पुंजाजीला वर नेलं. त्याच खेळाचं एक रीळ लागलं. पुंजाजीनं जीव ओतून मूठ फिरवली असणार, पण पडद्यावरचे देव हळदीनं माखल्यासारखे दिसत होते.

"कवडी," केशरबाई म्हणाली.

त्याला खाली आणून पुन्हा बेड्या घालून बसवलं. लोखंडी जिन्यावर जमुनाची पावलं वाजली. बेबीताईनं ती मोजली. सतराव्या पायरीशी, डबा ठेवलेल्या वरच्या पायरीच्या अलीकडे, पावलं बराच वेळ थांबली. मग उरलेली एक पायरीही झाली.

वरच्या झरोक्यातून उजेड आला. आधी मातकट, मग मूठ थोडी फिरली असावी, आणि पडदा उजळत गेला. आभाळ आभाळासारखं झालं. सावित्रीच्या रूपातल्या नटीच्या गालावरचा अश्रू वेगळा दिसू लागला. भगवंतराव खुर्चीत पुढे सरकले. वर्षभर असा पडदा त्यांनी पाहिला नव्हता. पुरुषांना आत यायची बंदी होती त्या एका खेळात, दर गुरुवारी, तो असाच होता.

"पहिला वेचा," केशरबाई पुटपुटली आणि तिनं पदर तोंडाला लावला.

साहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. खुशालरावांना ते हळू काहीतरी म्हणाले. मामांनी खिशातून किल्ली काढून पुंजाजीच्या बेड्या उघडल्या. त्या छोट्या आवाजानं बेबीताईच्या जिवात जीव आला.

रीळ संपलं. शेपूट फडफडलं आणि थांबलं. चित्र गेलं, पण उजेड गेला नाही. पडद्यावर नुसता पांढरा चौकोन राहिला. एक मिनिट गेलं, दोन गेली. पिवळेपणाची कडही दिसू लागली नाही. दर वेळी वेळेवर मूठ फिरत होती.  त्या उजेडाकडे बघवत नव्हतं आणि मानही वळवता येत नव्हती.

मग झरोक्यातून आवाज आला. अगदी घरगुती, जेवायला वाढताना विचारावं तसा.

"विझवू काय जी?"

ती कुणाला विचारत होती हे खालच्या सगळ्यांना कळलं. साहेबांनी मान खाली घातली.  बेबीताईनं खुर्चीचा हात घट्ट धरला. उत्तर द्यायला कुणीतरी हवं होतं, आणि ज्याचा तो हक्क होता तो नत्थुजी तर उरला नव्हता.

पुंजाजी उठला. बेड्यांनी मनगटावर वळ उठले होते, ते चोळत तो रांगेतून बाहेर आला. शिपाई पुढे झाला, तर मामांनी हातानंच त्याला मागे केलं.

"विझवा, वहिनी," पुंजाजी वर बघून म्हणाला. "मी वर येतो, तुमाले धरून खाली आणतो."